राघोजी भांगरे : सावकाराच्या वहीविरुद्ध उभा राहिलेला सह्याद्रीचा नायक

चकलांबा (ता. गेवराई) : दरवर्षी ८ नोव्हेंबर आणि २ मे या दोन दिवशी आपल्या मोबाईलवर एक फोटो फिरतो. डोईला पागोटं, भरदार मिशा, हातात तलवार. खाली नाव असतं, आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे. आपण हात जोडतो, फोटो पुढं पाठवतो आणि कामाला लागतो. पण हा माणूस लढला कशासाठी, हे विचारलं तर पुष्कळ जण इंग्रजांविरुद्ध लढला एवढंच सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. राघोजींची लढाई जितकी इंग्रजाच्या बंदुकीशी होती, तितकीच सावकाराच्या वहीशी होती. जमीन ज्या कागदानं जात होती, त्या कागदाशी ती लढाई होती. म्हणूनच गेवराईच्या शेतकऱ्यानं, मजुरानं आणि कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या माणसानं ती नीट समजून घ्यायला पाहिजे.

राघोजी आपल्यापासून फार लांबचे नाहीत. गेवराई तालुक्याची हद्द संपली की अहिल्यानगर, म्हणजे जुना नगर जिल्हा सुरू होतो. त्याच जिल्ह्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुका आहे. तिथं रतनगडाच्या डोंगरात प्रवरा नदी उगम पावते. भंडारदऱ्यावरून ती खाली उतरते, नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, आणि तेच पाणी जायकवाडीतून पुढं आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडून, राक्षसभुवनवरून वाहतं. म्हणजे राघोजींच्या डोंगरातलं पाणी आपल्या शिवाराला लागून जातं. आपल्याकडच्या कितीतरी जोड्या दिवाळीनंतर नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. त्यांना तो मुलूख चांगला ठाऊक आहे.

देवगावचा पोर

अकोले तालुक्यातलं देवगाव हे राघोजींचं गाव. जन्म ८ नोव्हेंबर १८०५ चा. समाज महादेव कोळी. नाव कोळी असलं तरी हे लोक मासेमारी करणारे नव्हेत. डोंगरात राहणारे, उतारावर नाचणी आणि वरई, खाचरात भात पिकवणारे, हिरडा गोळा करणारे आणि गड राखणारे हे लोक. वडिलांचं नाव रामजी भांगरे.

या मुलखाची रचना ध्यानात घेतली तर पुढची गोष्ट सोपी होते. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर इथंच आहे, उंची १६४६ मीटर. आजूबाजूला रतनगड, अलंग, मदन, कुलंग, हरिश्चंद्रगड असे गड. पूर्वेला घाटमाथा, पश्चिमेला सरळ तुटलेले कडे आणि खाली कोकण. या कड्यांमधून उतरणाऱ्या वाटा फक्त तिथल्या माणसालाच माहीत. मराठेशाहीत या वाटा आणि गड सांभाळायचं काम महादेव कोळ्यांकडं होतं. त्याबद्दल त्यांना पगार मिळे, जमिनी मिळत. गडावरची चाकरी आणि गडाखालची शेती या दोन खांबांवर घर उभं असायचं. त्यांच्या पुढाऱ्याला नाईक म्हणायचे. नाईकाचा शब्द डोंगरात चालायचा.

१८१८ : एक खांब कोसळला

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या कंपनी सरकारकडं गेला. आपला बीडचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे जुनी माणसं म्हणायची त्या मोगलाईत. त्याच १८१८ साली आपल्या बीडमध्येही धर्माजी प्रतापराव यांनी निजामाविरुद्ध उठाव केला होता. राज्य बदललं की तळाच्या माणसाच्या पोटावर पाय पडतो, हे दोन्हीकडं सारखंच दिसलं.

इंग्रजांना गड नको होते. गड म्हणजे बंडखोराला लपायची जागा, असं त्यांचं गणित. त्यांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून फोडले. अलंग-मदनला जाणाऱ्यांना ती तुटलेली वाट आजही दोर लावून चढावी लागते. गड मोडले तशी गडकऱ्यांची चाकरीही गेली. कुणाचा पगार कापला, कुणाचा बंद झाला, जुने हक्क कागदावर सिद्ध करा असा तगादा सुरू झाला. ज्यांच्या बापजाद्यांनी कागद कधी पाहिला नव्हता, ते काय सिद्ध करणार?

राघोजींचे वडील रामजी यांनी आधी इंग्रजांच्याच पोलिसात जमादारकी केली होती. पुढं तेच या अन्यायानं बंडाच्या बाजूला गेले. १८२८ ते १८३० च्या दरम्यान रामा किरवा आणि रामजी भांगरे यांच्या पुढाकारानं कोळी मुलखात मोठा उठाव झाला. तो मोडायला कॅप्टन मॅकिंटॉश नावाचा अधिकारी आला. त्यानं नुसती फौज घेऊन डोंगर चढला नाही. आधी एकेक घाट, एकेक खिंड, कुठल्या गावात कुणाचे सोयरे आहेत, पाणी कुठं मिळतं याची माहिती गोळा केली, मग नाक्या-नाक्यावर माणसं बसवली. रामा किरवा पकडला गेला आणि त्याला नगरला फाशी दिली.

राघोजी तेव्हा पंचविशीत होते. वडिलांचा अपमान आणि रामा किरवाची फाशी त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली होती.

जमीन कशी जायची?

चाकरी गेल्यावर राहिली शेती. आता ती कशी जायला लागली, ते जरा सावकाश बघू, कारण राघोजींच्या बंडाचं मूळ इथंच आहे.

पहिली गोष्ट सारा. पूर्वीही सारा होताच. पण पिकात घट आली तर सूट मिळायची, काही भाग धान्यात चालायचा, पाटील मध्ये पडून सांभाळून घ्यायचा. इंग्रजांनी सारा ठरवून टाकला आणि तो रोख मागायला सुरुवात केली. डोंगरात रोख पैसा कुठून येणार? नाचणी, वरई विकायची तर गिऱ्हाईक एकच, वाणी. आणि कर्ज देणाराही तोच. पीक निघालं की भाव पडलेला असतो, त्याच वेळी साऱ्याचा तगादा असतो. म्हणजे स्वस्तात विकायचं आणि आषाढात तेच धान्य महागात उसनं आणायचं.

दुसरी गोष्ट व्याज. धान्य सवाईनं किंवा दिढीनं मिळायचं. समजा, एका कुटुंबानं आषाढात एक मण नाचणी दिढीनं आणली. दिवाळीला दीड मण द्यायची. नाही जमलं तर पुढच्या वर्षी त्या दीड मणाची दिढी, म्हणजे सव्वादोन मण. तेही नाही जमलं तर तिसऱ्या वर्षी तीन मण पंधरा शेर. खाल्ली एक मण, अंगावर तीन मणांच्या वर. यात सावकाराला खोटं लिहायचीसुद्धा गरज नव्हती. खऱ्या हिशेबानंच माणूस बुडत होता. खोटा हिशेब लिहिला तर विचारायलाच नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे कोर्ट. पूर्वीच्या काळी सावकारही होता आणि व्याजही होतं. पण वसुलीसाठी त्याला गावाचं तोंड बघावं लागायचं. गावानं नाही म्हटलं तर तो फार काही करू शकत नव्हता, कारण जमीन काढून घ्यायची ताकद त्याच्याकडं नव्हती. इंग्रजी अमलात ती ताकद त्याला मिळाली. खत म्हणजे कर्जाचा कागद. तो कुलकर्णी लिहायचा आणि कोळी शेतकरी खाली नांगराची निशाणी काढायचा. आत काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. तो कागद कोर्टात गेला की कोर्ट फक्त कागद बघायचं. कोर्ट लांब, जायला दोन-चार दिवसांची पायपीट, समन्स कळलं तर कळलं. शेतकरी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. मग बेलीफ यायचा. आधी भांडी, मग बैल, मग जमीन. काल जो मालक होता, तो आज त्याच शेतात सावकाराचा गडी म्हणून राबायचा.

डोंगरातल्या माणसाच्या नजरेनं बघितलं तर एक विचित्र गोष्ट घडत होती. शत्रू समोर दिसतच नव्हता. तोफ नाही, घोडेस्वार नाही. एक माणूस वही घेऊन ओट्यावर बसायचा आणि वर्षा-दोन वर्षांत वावर त्याचं व्हायचं. त्याच्या पाठीमागं कोर्ट, कोर्टाच्या पाठीमागं पोलीस आणि पोलिसांच्या पाठीमागं पलटण. राघोजींनी ही साखळी ओळखली. सावकाराला हात लावला की सरकार धावून येतं, म्हणजे दोघांचं घर एकच आहे, हे त्यांना कळलं होतं.

बंडाचा झेंडा

राघोजी अंगानं धिप्पाड, तलवारीत आणि बंदुकीत तरबेज, आणि वाटांचे जाणकार होते. पोलिसातली जमादारकी त्यांच्या वाट्याला यायची होती, ती डावलून दुसऱ्याला दिली गेली, असं त्या भागात सांगितलं जातं. घरावर झडती आली, पोलिसांनी त्यांच्या आईचा छळ केला, ही आठवणही तिथल्या गावांत पिढ्यान् पिढ्या सांगतात.

१८३८ च्या सुमाराला रतनगडाच्या परिसरात त्यांनी माणसं जमवायला सुरुवात केली. त्यांच्याच घराण्यातले बापू भांगरे त्यांच्या बरोबरीनं उभे होते. पुढच्या काही वर्षांत बंड वाढत गेलं. १८४३ नंतर राघोजींची माणसं घाट उतरून कोकणात शिरायला लागली. १८४४ ची दिवाळी ते १८४५ चा शिमगा, या काळात बंड अगदी टिपेला पोचलं. नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे अशा चार जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात राघोजींचं नाव घेतलं की सावकार गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी पळायचे. पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईकांच्या मागं राहिलेल्या रामोशांनीही त्याच सुमाराला उचल खाल्ली. डोंगर पेटला होता.

राघोजींच्या टोळीची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचं, सावकाराचा वाडा गाठायचा आणि आधी वह्या आणि खतं बाहेर काढायला लावायची. त्यांची होळी करायची. दागिने, रोकड, धान्य न्यायचंच, पण कागद राहू द्यायचा नाही. कारण दागिना गेला तर सावकार दुसरा करील, खत जळलं तर कर्ज कुठल्या तोंडानं मागणार?

इथं एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. फोटोखालच्या दोन ओळींत ती कधी येत नाही. राघोजींच्या माणसांनी कित्येक सावकारांची नाकं-कानं कापली. ही शिक्षा क्रूर होती. त्यात सगळेच अपराधी होते असं नाही, आणि आज कुणी तिचं समर्थन करू नये. पण ती शिक्षा का निवडली हेही समजून घ्यायला हवं. नाक कापणं म्हणजे अब्रू घेणं. जप्तीच्या दिवशी सगळ्या गावासमोर चुलीवरचं भांडं उचलून नेलं जायचं, तेव्हा त्या बाईची, त्या घराची अब्रूच जायची. बंडखोरांनी तोच हिशेब उलटा फिरवला.

इंग्रजांच्या दप्तरात या सगळ्याला दरोडेखोरी असं नाव आहे. राघोजी तिथं टोळीचा म्होरक्या आहे. पण दरोडेखोराला गावं भाकरी घालत नाहीत. राघोजींना घालत होती. बायका रानात जेवण पोचवायच्या, गुराखी पोरं वाटेवरची खबर द्यायची. सरकार ज्याला चोर म्हणत होतं, त्याला लोक नायक म्हणत होते. एवढी वर्षं पलटणीला तो सापडत नव्हता, तो याच जोरावर.

बक्षीस आणि फितुरी

तलवारीनं जमेना तेव्हा सरकारनं पैशाचा डाव टाकला. राघोजींना पकडून देणाऱ्याला मोठं बक्षीस जाहीर झालं. मॅकिंटॉशनं पंधरा वर्षांपूर्वी गोळा केलेली वाटा-घाटांची माहिती हाताशी होतीच. खिंडीत चौक्या बसल्या. गावोगाव झडत्या सुरू झाल्या. ज्या गावानं भाकरी दिली त्या गावाला मार, ज्या घरातला माणूस बंडात आहे त्या घरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना त्रास.

लढणाऱ्या माणसाला गोळी लागली तर तो सहन करतो. त्याच्यापायी गाव मार खातं, ते सहन होत नाही. बंडाची ताकद गाव असते, आणि सरकारनं घाव गावावरच घातला. जुन्नरच्या बाजूला झालेल्या झटापटीत राघोजींची बरीच माणसं पडली, काही धरली गेली. आतल्याच कुणी खबर दिली होती, असं सांगतात. राघोजी स्वतः निसटले, पण फौज विस्कटली. १८४५ च्या पावसाळ्यापर्यंत बंडाचा मुख्य जोर ओसरला होता.

गोसाव्याच्या वेशात

पुढची दोन-अडीच वर्षं राघोजी सरकारला दिसले नाहीत. अंगावर भगवी कफनी, दाढी वाढवलेली, गोसाव्याचा वेश. राघोजी विठ्ठलाचे भक्त होते. डोंगर सोडून ते तीर्थं फिरत राहिले. हातात एवढी मोठी टोळी असलेला माणूस एकटा पायी फिरतोय, कुणाच्या ओसरीवर भाकर तुकडा खातोय, मंदिराच्या पडवीत झोपतोय. गावाकडं परत जावं तर गावाला त्रास होणार, हे त्याला माहीत होतं.

१८४८ च्या जानेवारीच्या सुरुवातीला ते पंढरपुरात होते. चंद्रभागेच्या वाळवंटात गोसाव्यांची काय कमी? पण खबर लागली होती. लेफ्टनंट गेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या माणसांनी त्यांना ओळखलं आणि पकडलं. पलटणींना डोंगरात जो कधी हाती लागला नाही, तो विठ्ठलाच्या दारात सापडला.

आपल्याकडं वारीची घरोघर ओढ आहे. गेवराई तालुक्यातूनही दिंड्या पंढरपूरला जातात. वाळवंटात उभं राहिलात तर ही जागा एका बंडखोराच्या अटकेचीही आहे, एवढं आठवावं.

ठाण्याचा फास

राघोजींना साखळदंडात ठाण्याला नेलं. घाटाखालचा जो मुलूख त्यांनी हलवला होता, तो ठाणे जिल्ह्यातच येत होता. खटला चालला. त्यांच्या बाजूनं वकील उभा राहिला नाही, असं सांगितलं जातं. गुन्हा राजाविरुद्ध बंड केल्याचा, शिक्षा फाशीची.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह हा मुळात एक किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० साली तो बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकला, १७७४ ला इंग्रजांनी घेतला आणि पुढं त्याचा तुरुंग केला. गड राखणाऱ्या घराण्यातला राघोजी अखेर एका किल्ल्यातच, पण कैदी म्हणून उभा राहिला. २ मे १८४८ या दिवशी तिथं त्यांना फाशी दिली. वय अवघं बेचाळीस. १८५७ चं मोठं बंड व्हायला अजून नऊ वर्षं होती. आद्यक्रांतिकारक हा शब्द त्यांच्या नावामागं लागतो, तो यामुळंच.

फाशीनंतर काय झालं?

माणूस फासावर गेला, पण कारण तसंच राहिलं. म्हणून बंडही संपलं नाही.

१८५७ साली त्याच नगर-नाशिकच्या सीमेवर नांदूर शिंगोटे इथं भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल उठले. ४ ऑक्टोबर १८५७ ला झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. हे बंड मोडायला इंग्रजांनी काय केलं असेल? त्यांनी कोळ्यांचीच पलटण उभी केली आणि भिल्लांवर घातली. दोघंही डोंगरातले, दोघंही सावकारानं नागवलेले, आणि दोघांना समोरासमोर उभं केलं. ११ नोव्हेंबर १८५९ ला सिन्नर तालुक्यात मिठसागरच्या लढाईत भागोजी नाईक पडले.

१८७० नंतर आंबेगावच्या जांभोरी गावचे होनाजी केंगले उठले. त्यांचीही लढाई सावकाराशीच आणि शिक्षाही तीच, नाक कापणं. १८७६ साली तेही पकडले गेले.

आता गंमत बघा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात साध्या कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत तोच प्रकार झाला. जीवितहानी जवळजवळ नाहीच. शेतकऱ्यांना हवी होती फक्त खतं. ती मिळाली की जाळायची आणि घरी जायचं. राघोजींनी तीस वर्षांपूर्वी डोंगरात जे केलं, ते आता सपाटीवरचा शेतकरी करत होता. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टानं नुसता कागद बघू नये, कर्जाचा मागचा सगळा हिशेब उकलून बघावा, हे त्या कायद्यात आलं. राघोजींना ज्या अन्यायासाठी फाशी झाली, तो अन्याय होता हे सरकारनं एकतीस वर्षांनी स्वतःच्या कायद्यात लिहून मान्य केल्यासारखंच झालं. राघोजींचं नाव त्यात कुठं नव्हतं, एवढंच.

आज आपल्या हातात काय आहे?

राघोजींच्या हातात तलवारीशिवाय काही नव्हतं. कायदा त्यांच्या विरुद्ध होता. आपली गोष्ट वेगळी आहे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसं लढली म्हणून काही कायदे आपल्या बाजूला आले. ते माहीत असले तरच उपयोगाचे.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी माणसाला घ्यायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या कलम ३६ आणि ३६-अ मध्ये हे आहे. पूर्वी गैरमार्गानं गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ साली वेगळा कायदा झाला. जंगलजमीन पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते.

आणि सावकारीचं म्हणाल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आपल्या सगळ्यांनाच लागू आहे, आदिवासी असो की नसो. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा गुन्हा आहे. कर्जापोटी खरेदीखत करून जमीन लिहून घेतली असेल, तर सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार करता येते. चौकशीत ती सावकारी ठरली तर खरेदीखत रद्द करून जमीन परत द्यायची तरतूद या कायद्यात आहे.

आपल्या भागात भिल्ल आणि पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. कितीतरी घरांच्या नावावर आजही सातबारा नाही. गायरान कसून पोट भरणारी, ते नावावर व्हावं म्हणून चकरा मारणारी कुटुंबं मराठवाड्यात जागोजागी आहेत. उचल घेऊन कोयत्यावर जाणारी जोडी हंगाम संपल्यावर हिशेबाला बसते, तेव्हा फिटलं किती आणि राहिलं किती, हे बहुतेक वेळा समोरच्याच्याच वहीत असतं. राघोजींच्या काळातली नाचणीची दिढी गेली. वही गेली का, याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं.

म्हणून राघोजींना हात जोडायचे असतील तर सोबत दोन-तीन कामं करावीत. न वाचता कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावा. उचल असो की उसनवारी, आपल्या घरातही एक वही ठेवावी आणि दिले-घेतलेले पैसे तारखेसकट लिहावेत. वर्षातून एकदा तरी सातबारा आणि आठ-अ काढून नावं तपासावीत. आता ते मोबाईलवरही दिसतात.

देवगावच्या डोंगराखाली भंडारदऱ्याच्या जलाशयाला आज राघोजींचं नाव आहे. पावसाळ्यात धरण भरलं की प्रवरेला पाणी सुटतं, आणि काही दिवसांत ते गोदावरीत येऊन आपल्या हद्दीतून पुढं जातं. पुढच्या वेळी नदीला पाणी आल्याची बातमी वाचली की पोराबाळांना सांगावं, हे पाणी जिथून निघतं तिथं राघोजी भांगरे नावाचा माणूस होऊन गेला. लोकांची जमीन ज्या वहीत गेली, ती वही त्यानं जाळली.